म्युन्स्टरची शिल्पं : सायकल, नकाशा आणि दोन पूर्ण दिवस

जर्मनीच्या वायव्येकडच्या म्युन्स्टर शहरात दर दहा वर्षांनी एका उन्हाळ्यात शहरभर शिल्पं उभी राहतात. मैदानात, तळ्याकाठी, पुलाखाली, चर्चच्या मनोऱ्यावर, अगदी सार्वजनिक शौचालयातसुद्धा. १९७७, १९८७, १९९७, २००७ आणि २०१७ अशी पाच प्रदर्शनं झाली. सहावं २०२७ मध्ये आहे. 'स्कुल्प्टुर प्रोयेक्टे' हे त्याचं नाव. दर प्रदर्शनानंतर शहर त्यातली काही कामं कायमची ठेवून घेतं, आणि अशी चाळीसच्या आसपास कामं आजही शहरात विखुरलेली आहेत. ती बघायला तिकीट नाही आणि बहुतेकांना दारही नाही.

हे परीक्षण त्या कायमच्या संग्रहाचं आहे, आणि २०२७ ला जायचं ठरवणाऱ्यांसाठीही. कारण तिथे जाणारे बहुतेक जण एक चूक करतात. नवी कामं बघायला धावतात आणि जुनी 'वाटेत दिसली तर' म्हणून सोडून देतात. क्रम उलटा हवा. पहिला दिवस जुन्यांना द्यावा. जागा बघून काम करणं म्हणजे काय, हे त्यांच्याकडे बघून कळतं, आणि मग नव्या कामांपुढे उभं राहिल्यावर डोळा तयार असतो.

सुरुवात कुठून झाली ते थोडक्यात. सत्तरच्या दशकात जॉर्ज रिकी या अमेरिकन शिल्पकाराचं 'तीन फिरते चौकोन' हे काम शहरात बसवायचं ठरलं, तेव्हा नागरिक भडकले. असल्या गोष्टीवर पैसा कशाला, हा प्रश्न होता. शहरातल्या कलासंग्रहालयाचे क्लाउस बुसमान यांनी त्यावर लोकांना आधुनिक शिल्पकला समजावून देण्यासाठी प्रदर्शन घ्यायचं ठरवलं, आणि कास्पर क्योनिग यांनी नऊ कलाकारांना बोलावून 'शहरातली जागा तुम्हीच निवडा' असं सांगितलं. कार्ल आंद्रे, मायकेल ॲशर, योझेफ बॉइस, डोनाल्ड जड, रिचर्ड लाँग, ब्रूस नॉमन, क्लेस ओल्डनबर्ग, उलरिश रुकरीम आणि रिचर्ड सेरा हे ते नऊ जण. रिकीचे चौकोन आज स्टेशनजवळच्या एंगेलनशान्त्से या हिरवळीवर आहेत. तिथूनच सुरुवात करावी. वारा असेल तर पाच मिनिटं थांबा. पोलादी चौकोन इतक्या सावकाश फिरतात की नुसती नजर टाकून निघालं तर ते स्थिरच वाटतात.

पोहोचणं अवघड नाही. म्युन्स्टर हे कोलोन ते हाम्बुर्ग या मुख्य रेल्वेमार्गावरचं स्टेशन आहे. मुंबईहून फ्रँकफुर्टला थेट विमान मिळतं, आणि पुढे साडेतीन तासांच्या आसपास रेल्वे. त्याच दिवशी संध्याकाळी शिल्पं बघायचा बेत मात्र करू नये. जर्मन गाड्यांना उशीर होतो, आणि एक जोडगाडी चुकली की सगळं वेळापत्रक कोसळतं.

आता सायकल. या शहरात सायकलशिवाय शिल्पं बघता येतील, पण निम्मीच. इथल्या बोलीत सायकलला 'लेत्से' म्हणतात आणि शहरात माणसांपेक्षा सायकली जास्त असं सांगतात. स्टेशनसमोर जमिनीखाली तीन हजारांहून जास्त सायकली मावतील असा 'राडस्टात्सिओन' हा तळ आहे. तिथेच सायकल भाड्याने मिळते. जुन्या शहराभोवती पूर्वी तट होता. त्याच्या जागी आता लिंडेन या युरोपातल्या झाडांमधून जाणारा साडेचार किलोमीटरचा गोल रस्ता आहे, 'प्रोमेनाड'. त्यावर मोटारी नाहीत. बरीचशी शिल्पं या गोलावर किंवा त्याच्या पाच-दहा मिनिटांच्या परिघात आहेत.

सायकल घेताना एक गोष्ट आधी विचारा : मागे पायडल मारल्यावर ब्रेक लागतो का? जर्मनीत भाड्याच्या बऱ्याच सायकलींना हा उलट्या पायडलचा ब्रेक असतो. आपल्याकडे सिग्नलला थांबताना पायडल मागे फिरवून पाय ठेवायच्या उंचीला आणायची सवय असते. तीच सवय इथे चालत्या सायकलवर नडते. चाक जागच्या जागी जाम होतं आणि मागचा सायकलस्वार येऊन धडकतो. शिवाय थांबल्यावर पायडल खाली राहिलं तर ते उलटं फिरवून वर आणता येत नाही. सीटवरून उतरून, मागचं चाक जरा उचलून, पायडल पुढच्या दिशेने फिरवूनच ते वर आणावं लागतं. रिकाम्या गल्लीत दहा मिनिटं सराव करून मगच प्रोमेनाडवर जा. तिथे सकाळी आठच्या सुमाराला कामाला निघालेली माणसं वेगात असतात.

नियम कडक आहेत आणि सायकललाही लागू आहेत. सिग्नल तोडला तर किमान ६० युरो दंड. सायकल चालवताना हातात फोन धरला तर ५५ युरो. नकाशा बघायचा तर कडेला थांबा, किंवा हँडलला फोनचा स्टँड लावून घ्या. प्रोमेनाडवर मधली पट्टी सायकलींची आणि दोन्ही बाजूंच्या कच्च्या पट्ट्या चालणाऱ्यांच्या. फोटो काढायला मधल्या पट्टीत उभं राहिलं की घंटी वाजणारच, आणि ती रागाने वाजवलेली असते.

पहिला दिवस आझे तळ्याचा. जुन्या शहराच्या नैऋत्येला हे माणसाने तयार केलेलं, चाळीस हेक्टरचं लांबट तळं आहे. शहराच्या बाजूच्या टोकाला ओल्डनबर्गचे तीन काँक्रीटचे गोळे आहेत, प्रत्येकी साडेतीन मीटर व्यासाचे. हे बिलियर्डचे चेंडू. शहर म्हणजे टेबल, आणि कुणीतरी अजस्र खेळाडू आत्ताच फटका मारून गेला आहे, अशी मूळ कल्पना. १९७७ मध्ये विद्यार्थ्यांनी ते तळ्यात ढकलायचा प्रयत्न केला होता. आज त्याच गोळ्यांना टेकून त्यांची नातवंडं शोभतील अशी मुलं अभ्यास करतात. गोळ्यांवर रंगाने लिहिलेलं असतं, ते पुसतात, पुन्हा लिहिलं जातं. काहींना ते खटकतं. आमच्या मते रंगाचे थर हा या कामाच्या आयुष्याचा भाग झाला आहे.

तिथून काठाने पुढे गेलं की जडची दोन काँक्रीटची कडी, एकात एक. इथेच बहुतेक लोक फसतात. 'दोन गोल भिंती' म्हणून फोटो काढून पुढे जातात. थांबून दोन्ही कड्यांच्या वरच्या कडा बघा. एक कडं काठाच्या उताराबरोबर तिरकं जातं, दुसरं पाण्याच्या पातळीसारखं सपाट राहतं. तुम्ही कड्याभोवती फिराल तसं त्या दोन कडांमधलं अंतर वाढतं आणि कमी होतं. आपण जिला सपाट हिरवळ समजत होतो ती किती उतरती आहे हे तेव्हा कळतं. एक पूर्ण फेरी मारायला दोन मिनिटं लागतात, आणि ती मारल्याशिवाय हे शिल्प बघितलं असं म्हणता येत नाही.

इल्या काबाकोव्हचं १९९७ चं काम लांबून दूरदर्शनच्या जुन्या अँटेनासारखं दिसतं. उंच खांब आणि वर आडव्या दांड्या. अँटेना समजूनच लोक बाजूने निघून जातात. खांबाच्या बुडाशी जाऊन गवतावर चक्क आडवं व्हायचं. मग दांड्यांच्या मध्ये तारेची अक्षरं आकाशावर उमटतात. मजकूर जर्मन आहे. तू गवतात पडला आहेस, आजूबाजूला कुणी नाही, फक्त वारा, वर ढग चाललेत, आणि कदाचित आयुष्यात तू केलेली आणि बघितलेली ही सर्वांत सुंदर गोष्ट असेल, अशा अर्थाचा. भाषांतर आधीच वाचून ठेवा. आडवं पडून फोनवर अर्थ शोधायला लागलं की काम तिथेच संपतं. तार बारीक आहे, म्हणून ऊन डोळ्यांवर येणार नाही अशा बाजूला डोकं ठेवा. भर दुपारी अक्षरं वाचताना डोळे दिपतात, सकाळ किंवा चारनंतरची वेळ बरी. गवत ओलं असतं, त्यामुळे खाली अंथरायला प्लॅस्टिकचा तुकडा किंवा जुनी चादर बरोबर हवी. सगळ्या सामानात ही सर्वांत उपयोगी वस्तू ठरते.

होर्खे पार्डोचा लाकडी धक्का पाण्यात आत जातो, टोकाला सहा बाजूंचा छोटा मंडप. बसायला उत्तम. रोझमारी ट्रोकेलचं २००७ चं काम म्हणजे 'यू' नावाच्या सदाहरित झाडाचे कातरून काढलेले दोन प्रचंड ठोकळे, मध्ये निमुळती होत जाणारी फट. बाग समजून त्याच्यासमोरून निघून जाणारे शेकडो असतील. फटीच्या रुंद तोंडाशी उभं राहिलं की पलीकडे तळ्याचा एक चिंचोळा तुकडा चौकटीत बसवल्यासारखा दिसतो.

तळ्यावर तॉर्मिन पूल आहे, त्याच्याखाली सुझन फिलिप्सचं आवाजाचं काम. ऑफेनबाखच्या ऑपेरातलं नौकागीत तिने एकटीनेच दोन्ही आवाजांत गायलं आहे. एक आवाज पुलाच्या एका टोकाकडून, दुसरा पाण्यापलीकडच्या टोकाकडून. दोन्ही स्त्रिया एकच आहेत आणि तरी एकमेकींपर्यंत पोहोचत नाहीत. इथे दोन गोष्टी बिघडतात. एक, आवाज सतत चालू नसतो. तो ठरावीक वेळी वाजतो, तेव्हा आधी वेळ बघून जा. दोन, वर वाहतूक जोरात असेल तर लांबचा आवाज दबतो. पाण्याच्या कडेला, पुलाच्या मधल्या भागाखाली उभं राहिलं तर दोन्ही आवाज सारखे ऐकू येतात. शनिवार-रविवारी सकाळी रस्ता शांत असतो, तेव्हा हे ऐकावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाड्यामागच्या बागेकडे जा. हर्मन दे व्रीसचं 'सांक्टुआरियुम', म्हणजे अभयस्थान, तिथल्या हिरवळीवर आहे. विटांची गोल भिंत, माणसाच्या डोक्याहून बरीच उंच. दार नाही. चार लंबगोल भोकं आहेत आणि त्यातून फक्त आत बघता येतं. आत १९९७ पासून कुणी काही लावलेलं नाही, काही उपटलेलं नाही. वाऱ्याने आलेलं बी रुजतं, वाढतं, मरतं. बाहेर कापलेली, विंचरलेली बाग, आत रान. भिंतीच्या वरच्या दगडी पट्टीवर जे कोरलं आहे ते मराठी माणसाला भाषांतराशिवाय कळेल. ईशोपनिषदाचा शांतिमंत्र, 'पूर्णमदः पूर्णमिदं', संस्कृतमध्ये. ज्या प्रेक्षकांसाठी ही भिंत बांधली त्यातल्या बहुतेकांना तो पुस्तकात बघून समजून घ्यावा लागतो. आपल्याकडे तो लहानपणापासून कानावर पडलेला असतो. हातात नकाशा घेऊन शिल्पं मोजत फिरणाऱ्याला इथे वेग आपोआप कमी करावासा वाटतो. भोकं कडेने वेगवेगळ्या दिशांना आहेत. चारही भोकांतून बघा, एका भोकातून दिसणारं रान दुसऱ्यातून दिसत नाही. पावसाळी दिवसांत आतून दमट मातीचा वास येतो.

तिथून सायकलने विद्यापीठाच्या विज्ञान विभागाकडे गेलं की नॉमनची 'चौकोनी खळगी'. आराखडा १९७७ चा, पण बांधली गेली २००७ मध्ये. म्हणजे तीस वर्षं कागदावर. बाजू २५ मीटरची, चारही बाजूंनी उतरत मध्यभागी २.३ मीटर खोल. उलटा पिरॅमिड म्हणा. काठावरून ती निरुपद्रवी दिसते. उतरून मध्यभागी गेलं की कडा डोक्याच्या वर जाते, आजूबाजूच्या इमारतींचे फक्त वरचे मजले उरतात, आणि काठावरचा प्रत्येक माणूस आपल्याकडेच बघतोय असं वाटायला लागतं. एकट्याने उतरावं आणि बरोबरच्यांना काठावर थांबवावं, तेव्हाच हे जाणवतं. पाऊस पडून गेला असेल तर पांढरं काँक्रीट घसरतं, गुळगुळीत तळाचे बूट घालून उतरू नका.

दुपार जुन्या शहरात. पेट्री चर्चजवळ रुकरीमचे दगडी ठोकळे आहेत. खाणीतला डोलोमाइट ड्रिलने भोकं पाडून फोडलेला आणि पुन्हा तसाच जुळवून उभा केलेला. भोकांच्या खुणा दिसतात, चर्चच्या दगडाशी त्यांची तुलना करा. टोमास श्युटेच्या 'चेरीच्या खांबा'वर, सहा मीटर उंच दगडी खांबावर, दोन लालबुंद चेरी ठेवल्या आहेत. १९८७ मध्ये ही जागा मोटारींचा तळ होती आणि लाल चेरी त्या मोटारींच्या टपांवरून उठून दिसायच्या. आज चौक सजवलेला आहे, त्यामुळे ते सुंदर स्मारक वाटतं आणि मूळचा धक्का हरवतो. जुना फोटो बरोबर ठेवला तर फरक कळतो. कॅथेड्रलसमोरच्या डोमप्लाट्सखालचं शौचालय हान्स-पीटर फेल्डमनने २००७ मध्ये दुरुस्त करून रंगीत फरश्या आणि फुलांचे मोठे फोटो लावून दिलं. ते वापरात आहे, वापरावंच. बुधवारी आणि शनिवारी चौकात बाजार भरतो, तेव्हा खाली रांग असते.

पूर्वेकडे प्रोमेनाडवर 'त्स्विंगर' हा जुन्या तटाचा गोल बुरुज आहे. रेबेका हॉर्नचं 'उलट दिशेची मैफल' हे काम त्याच्या आत. या बुरुजात दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, कैद्यांना ठेवलं आणि मारलं. आत अंधारात भिंतींवर लहान पोलादी हातोड्या ठोके देत राहतात, वरून पाण्याचा थेंब ठरावीक अंतराने खालच्या हौदात पडतो. संपूर्ण संग्रहातलं हे सर्वांत हेलावून टाकणारं काम, आणि बघायला सर्वांत अवघडही. बुरुज रोज उघडा नसतो. उन्हाळ्याच्या मोसमात, काही ठरावीक दिवशी आणि थोडे तासच तो उघडतो. म्हणून विमानाचं तिकीट काढायच्या आधी त्स्विंगरचं वेळापत्रक बघा आणि बाकीचा बेत त्याभोवती आखा. लहान मुलांना आत नेण्यापूर्वी विचार करा. आत जायचं तर जाड तळाचे बूट घाला, जमीन ओबडधोबड आहे.

संध्याकाळी लांबेर्टी चर्चच्या मनोऱ्याकडे. १५३६ मध्ये अनाबाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या बंडाच्या तीन पुढाऱ्यांना मृत्युदंड दिल्यावर त्यांची प्रेतं ज्या लोखंडी पिंजऱ्यांत टांगली, ते पिंजरे अजून मनोऱ्यावर आहेत. लोथार बाउमगार्टनने १९८७ मध्ये प्रत्येक पिंजऱ्यात एक मंद दिवा ठेवला. दिवसा ते दिसत नाहीत. जूनमध्ये सूर्यास्तच रात्री पावणेदहाच्या सुमाराला होतो, म्हणजे हे दिवे नीट दिसायला साडेदहा वाजतात. जेवण लवकर उरकून झोपायची सवय असलेल्यांनी एक रात्र जागी ठेवावी. तीन दिवे इतके बारीक आहेत की तारा आहे की काय असं वाटतं, आणि पिंजऱ्यांचा इतिहास माहीत असेल तर मान वर करून बराच वेळ उभं राहावंसं वाटतं.

आता २०२७ विषयी. प्रदर्शनाच्या वर्षी प्रवेश विनामूल्य असतो (२०१७ मध्ये तो तसाच होता), नवी कामं तीसहून अधिक असतात, आणि ती जुन्या शहराच्या पलीकडेही पसरतात. २०१७ मध्ये प्येर यूगने बर्फावर स्केटिंग करायच्या एका बंद पडलेल्या मैदानाची जमीन खणून काढली होती, आणि तिथे जायला जुन्या शहरापासून बरंच अंतर तोडावं लागायचं. शहरातल्या कलासंग्रहालयात ग्रेगोर श्नायडरच्या कामात एका वेळी एकच माणूस आत सोडायचे, त्यामुळे रांग लांबायची. टाउनहॉलच्या शांतता-सभागृहातलं आलेक्सांद्रा पिरिचीचं सादरीकरण ठरावीक वेळीच व्हायचं. म्हणून नव्या कामांची यादी हातात आली की तीन रकाने करा : केव्हाही बघता येणारी, ठरावीक वेळेची, आणि रांग लागणारी. रांगेची कामं सकाळी उघडताच किंवा बंद होण्याआधीच्या तासात. बाकीची त्यांच्या मध्ये बसवा. दिवसाला दहा-बाराहून जास्त कामं ठरवू नका. अंतराची अडचण नसते, प्रत्येक ठिकाणी निदान वीस मिनिटं लागतात ही अडचण असते.

त्याच उन्हाळ्यात कासेलला 'डोकुमेंटा' हे मोठं प्रदर्शनही आहे. हाममध्ये गाडी बदलून म्युन्स्टर ते कासेल अडीच-तीन तास. दोन्ही एकाच प्रवासात होतात, पण दोन्ही ठिकाणची हॉटेलं फार आधी भरतात. म्युन्स्टरमध्ये खोली मिळाली नाही तर ओस्नाब्र्युक किंवा डोर्टमुंडला राहून रोज रेल्वेने ये-जा करता येते. फक्त लांबेर्टीच्या दिव्यांची रात्र परतीच्या शेवटच्या गाडीआधी बसते का ते बघा. संग्रहालय सोमवारी बंद असतं. रविवारी दुकानं बंद, तेव्हा पाणी आणि खाण्याचं शनिवारीच घेऊन ठेवा. हवेबद्दल इथे एक म्हण आहे : म्युन्स्टरमध्ये एक तर पाऊस पडतो नाही तर घंटा वाजतात, आणि दोन्ही एकदम झालं की रविवार समजा. छत्रीने सायकल चालवता येत नाही. टोपीचा रेनकोट आणा, आणि सीटवर घालायला एक प्लॅस्टिकची पिशवी.

तक्रार एकच, पण ती गंभीर आहे. कामांजवळची माहिती फार तोकडी आहे. बऱ्याच ठिकाणी छोटा फलक, तोही सहज न दिसणारा, आणि जागा, आराखडा, वाद यांची गोष्ट नसल्यात जमा. ट्रोकेलची झाडं आणि काबाकोव्हचा खांब न ओळखता लोक पुढे जातात यात त्यांचा दोष नाही. प्रदर्शनाच्या आंतरजालावरच्या संग्रहात प्रत्येक कामाची जागा आणि थोडा इतिहास आहे. निघण्यापूर्वी तो चाळून चाळीसपैकी पंधरा कामं निवडा, प्रत्येकाच्या दोन ओळी मराठीत लिहून ठेवा आणि कागदावर छापून घ्या. तळ्याकाठी ऊन असतं तेव्हा फोनची काच काही दिसत नाही.

प्रोमेनाडलगतच्या हिरवळीवर निकोल आयझनमनच्या कारंज्याची माणसं बसलेली आहेत. २०१७ मध्ये त्यांतल्या एकाचं डोकं कुणीतरी तोडून नेलं होतं. पुढे नागरिकांनी वर्गणी काढून ते कारंजं कायमचं बसवून घेतलं. सत्तरच्या दशकात रिकीचे चौकोन नको म्हणणारं हेच शहर. पंधरा कामांच्या यादीत हे कारंजं शेवटी ठेवा, संध्याकाळी उन्हं कलल्यावर. शेजारी बसायला जागा आहे आणि पाण्याचा आवाज शेवटपर्यंत कानात राहतो.